पूर्वीचा रकाना

येरळेला मिळण्याआधी शेरीचा ओढा
मळ्यापाशी एक वळण घ्यायचा,
काम नसताना कुणी ओळखीच्या दारात थांबावं तसं.
ते वळण आता नाही.
पोकलेननं सतरा दिवसांत त्याला पट्टी लावून सरळ केला,
दोन्ही काठांना दगड, दगडांत सिमेंट,
आणि पुलाशी फलक: ओढा पुनरुज्जीवित.
खाली लांबी, रुंदी, खोली, खर्च.

खोली खरी आहे. मी काठी बुडवून पाहिली.
विट्याचे शेडबाळे साहेब म्हणतात,
"पाणी दिसतंय ना मॅडम?
मग आणखी काय मोजायचं असतं?"

आणखी असतं ते असं:
गुडघाभर पाण्यात उभं राहायचं,
टाचेनं तळ ढवळायचा, घड्याळ लावून एक मिनिट,
खालच्या अंगाला धरलेल्या जाळीत जे वाहत येईल
ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं
आणि गढूळ बसायची वाट बघायची.
थोड्या वेळानं कचऱ्यातलंच काहीतरी चालू लागतं.

मुबीन मुजावर मोजतो, मी लिहिते.
लाल अळ्या, दोनशे चौदा.
"यांना श्वास कमी लागतो," तो म्हणतो,
"आमच्या मिरजेत गटारातही मजेत असतात."
गोगलगाई एकोणीस.
तीन शेपट्यांची ती, जिला मराठीत नाव नाही
आणि जी पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी जाते: शून्य.
वाळूचे कण जोडून अंगाभोवती घर बांधणारी: शून्य.
बाटलीतला प्राणवायू साडेतीन.
शून्य लिहिताना पेन्सिल जरा जास्तच टेकते.

तक्त्याला दोन रकाने. नंतर,
आणि त्याच्या डावीकडे, पूर्वी.
पूर्वी कुणी मोजलंच नव्हतं.
यंत्र आलं त्या सकाळी नारळ होता, हार होता,
पेढे होते,
जाळी घेऊन कुणी उतरलं नव्हतं.

गजराबाई भोई काठावर बसून बघत होती.
"काय हुडकताय?"
मी चित्र दाखवलं.
"हे व्हय. गवंडी.
दगड उलथला की खाली चिकटल्याली असायची
वाळूची नळकांडी, बोटाच्या पेराएवढी.
आमी फोडून गळाला लावायचो.
वाम घावायची, मनगटाएवढी.
आन् पाय टाकला की तळव्याला खडं टोचायचं."
तिनं पाय बुडवला, लगेच वर घेतला.
"आता बघ. साय. नासल्याली."

'पूर्वी'त मी लिहिलं:
गवंडी, भरपूर. वाम. तळव्याला टोचत असे.
माहिती देणार: गजराबाई भोई, तोंडी.
पुस्तिकेत टोचण्याचं एकक नाही.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात पूर आला
आणि नेमका मळ्यापाशी काठ फुटला.
सिमेंटच्या लाद्या पाण्यात तोंड खुपसून पडल्या,
ओढा आपल्या जुन्या वळणावर जाऊन बसला.
शेडबाळे साहेबांच्या कागदावर: नुकसान, चाळीस मीटर.
दुरुस्तीचा प्रस्ताव मंगळवारी जाणार होता.

आम्ही सोमवारी गेलो.
तिथं पाण्याला आवाज होता.
पात्रात गोटे, मध्ये वाळूची जीभ,
निवळ्या पृष्ठभागावर टाके घालत होत्या.
लाल अळ्या एकसष्ट. प्राणवायू सहाच्या वर.
गवंडी शून्य. तिशेपटी शून्य.
बेरीज केली, सही केली, तारीख घातली.

मुबीन जाळी झटकत होता, थांबला.
शिवणीच्या आत काहीतरी खडबडीत अडकलं होतं.
त्यानं ते ओल्या तळहातावर घेतलं.
बराच वेळ तो नुसता खडाच होता.
मग एका टोकातून सहा पाय बाहेर आले
आणि त्याची रेषा चाचपू लागले.

तक्त्यात खाडाखोड चालत नाही.
मी गजराबाईला हाक मारली, ती पैलतीरावर होती.
"गवंडी!"
"किती?"
"एकच."
ती हातातलं न थांबवता ओरडली,
"मग सोड की तिला लवकर.
खाडा व्हतोय तिचा."